काखेतली आग

"वैनी, रस्ता बघा रस्ता! चाक येतंय की आपल्या मागनं!" असं ओरडत ती स्कूटीच्या मागे पळायची. उजव्या हाताने मागची कडी घट्ट धरलेली, ओढणी कमरेला खोचलेली.

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीलगतच्या मैदानावर ती बायकांना गाडी शिकवायची. नवी नवरी असो की पन्नाशीची आजीबाई, तिला सगळ्या 'वैनी'. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. कुणी सारखा ब्रेक दाबला की म्हणायची, "ब्रेकला नवऱ्यासारखं गच्च धरू नका, दोघंबी बिघडतात!" हसता हसता भीती जायची आणि गाडी पुढे जायची.

सोलापूरचं ऊन तुम्ही सोसलं असेल, तर सांगायला नको. सकाळी नऊ वाजता मैदान तापायचं. पहिले काही दिवस तिला शिकणाऱ्या बाईच्या पाठीला लागून मागे बसावं लागे, म्हणून घामाच्या वासाला ती फार जपायची. "माझा वास आला तर तुमचं ध्यान रस्त्यावर राहील व्हय?" स्कूटीच्या डिकीत पान्ह्याशेजारी स्प्रेची बाटली ठेवलेली असायची.

मग तिची थोरली बहीण गेली. अक्कलकोटकडे दिलेली होती. स्तनाचा कॅन्सर. पहिली गाठ काखेत लागली होती आणि दवाखाना गाठायला उशीर झाला. तेरावा झाल्यावर मॅडम परत मैदानावर आली, पण तिचा आवाज बसला होता. त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, की काखेतल्या स्प्रेनेच हा रोग होतो. तिने बाटली माझ्यासमोर कचराकुंडीत फेकली आणि नैसर्गिक म्हणून एक क्रीम मागवलं. काचेच्या छोट्या बरणीत खोबरेल, खायचा सोडा आणि लिंबाच्या वासाचं कसलंसं तेल. मला म्हणाली, "वास घ्या. लाडू असल्यागत वाटतंय की."

थोड्याच दिवसांत ती उजवा हात अंगापासून लांब धरून चालू लागली. कोंबडीने पंख उघडून धरावा तशी. कडी धरून पळताना तिचा चेहरा पिळवटायचा. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय. काख जरा लाल झालीया."

"मग लावायचं बंद करा ना."

"तसं न्हाय वैनी. व्हिडिओतल्या बाई सांगतात, आतलं विष बाहेर पडतंय. आता थांबलं तर परत आत जाईल."

तिच्या कुर्त्यावर काखेपाशी पिवळट डाग दिसू लागले. एकदा कडी धरता धरता तिने हात झटकन सोडला आणि गाडीवरची बाई थोडक्यात वाचली. त्या दिवशी तिने क्लास मध्येच थांबवला. मैदानाच्या कडेला मला घेऊन गेली, माझा हात धरला आणि कुर्त्यावरूनच स्वतःच्या काखेत नेला.

"बघा. मला लागतंय ते तुमाला लागतंय का?"

लागत होतं. बोराएवढी गाठ. तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

तिच्याने हँडल धरवत नव्हतं आणि रिक्षाची वाट बघण्याइतका धीर आम्हा दोघींतही नव्हता. मी नुकतं लायसन्स काढलं होतं. गावातल्या रहदारीत कधी शिरले नव्हते. तिला मागे बसवून निघाले. सात रस्त्याच्या चौकात एक टेम्पो अगदी घासून गेला, मी चुकीच्या बाजूने वळले, मागून शिव्या आल्या. मॅडमने डाव्या हाताने माझा खांदा गच्च धरला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात वर करा." हात निम्म्यातच थांबला. त्यांनी काख पाहिली, मग छाती नीट तपासली. बरणी मागून घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं.

"सोडा. काहींच्या कातडीला सोसत नाही. त्यात घाम, त्यात कापड घासतं. कातडी सोलली, तिथून जंतू गेले. गाठ त्यामुळेच सुजली असावी."

"असावी म्हंजे?"

"म्हणजे आधी हे बंद. साध्या पाण्याने धुवा, सैल सुती घाला, औषध घ्या. बहिणीला होता म्हणताय, तेव्हा सोनोग्राफी आजच करू. पंधरा दिवसांनी गाठ राहिली, तर तुकडा काढून तपासू."

"आणि ते आतलं विष? स्प्रेनं कॅन्सर होतोय म्हणतात ते?"

"विष कसलं? भाजल्यासारखी कातडी झालीय ही. स्प्रेने कॅन्सर होतो यालाही काही पुरावा नाही."

सोनोग्राफीत घाबरण्यासारखं दिसलं नाही. तरी ते पंधरा दिवस संपता संपेनात. क्लास बंद. मी संध्याकाळी जायचे, तेव्हा ती खिडकीत बसून गाठ चाचपत असायची. लाली उतरली, खपल्या धरल्या, पण गाठ होतीच. एकदा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ताईनं मला पण असाच हात धरून गाठ दाखवली होती. मी म्हणलं, जाईल की ताई, काय होतंय. तिनं माझं ऐकलं."

मी तिच्या शेजारी बसून राहिले.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बोटांनी शोधलं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, मॅडम छताकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "गेली. काही नाही आता. वर्षातून एकदा मात्र तपासून घ्या."

मला वाटलं, ती हसेल. ती टेबलाची कड धरून ढसाढसा रडली.

पुढच्या उन्हाळ्याआधी तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि बिऱ्हाड कुर्डुवाडीला गेलं. आता मैदानावर गाड्या पार्क होतात. पण तिचं नाव निघालं, की मला त्या दिवशीची दवाखान्याची पडवीच दिसते. डोळे पुसत आम्ही बाहेर आलो होतो. बाकड्याच्या टोकाला एक पोरसवदा बाई एकटीच बसली होती, पदराखाली छातीशी हात धरून. मॅडम दोन पावलं पुढे गेली, थांबली आणि मागे फिरली.

"सोबत कोण हाय तुमच्या?"

त्या बाईने कुणी नाही अशी मान हलवली. मॅडम तिला खेटून बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "तुमी व्हा पुढं वैनी. हिचा नंबर येऊ द्या."