उशाचा तुकडा

आमच्या सासरी आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. आम्ही लिंगायत वाणी. नांदूरघाटात आमचं किराणा दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, पूजायचं, कपाळाला विभूती लावायची आणि मग चुलीकडे बघायचं. नेम साधा होता. अडचण एवढीच, की आंघोळीला सुरुवात व्हायची सासऱ्यांपासून आणि सुनांपर्यंत पाणी येईतो उन्हं दुकानाच्या उंबऱ्याला लागलेली असत. तोवर दळण, शेणपाणी, झाडलोट, विहिरीच्या खेपा सगळं आम्ही उपाशीपोटी उरकलेलं असायचं. एरवी त्याचं काही वाटत नसे. पोटात लेकरू असलं की वाटायचं.

पहिल्या खेपेला मला तिसरा महिना लागला आणि माझं तोंड माझं राहिलं नाही. लसणाच्या चटणीबरोबर दोन भाकरी सहज संपवणारी मी, पण आता कुणी लसूण सोलायला घेतला तरी पोटात ढवळायला लागे. परातीत ज्वारीचं पीठ पडलं की मी नाकाला पदर लावून अंगणात पळायची. दुकानातला गूळ, हळद, तंबाखू आणि घासलेट यांचा मिळून एक वास मधल्या दारातून घरात येई. लग्न होऊन आले तेव्हा तो मला श्रीमंतीचा वाटला होता. आता त्या दाराकडे पाठ करून बसावं लागे. खावंसं वाटे ते भलतंच: भाजलेले चिंचोके, नाहीतर तव्यावर करपून काळा झालेला भाकरीचा पापुद्रा. ताटात चांगली मऊ भाकरी असताना मी करपलेल्या कडा शोधत बसायची आणि नवरा मला हसायचा.

सकाळ मात्र हसण्यासारखी नव्हती. उठून बसलं की पोटातून कडू पिवळं पाणी वर यायचं, आणि एकदा सुरू झालं की दुपारपर्यंत काही टिकत नसे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "पूजा मन लावून कर. आपोआप थांबतंय." मी मन लावून केली. थांबलं नाही.

मग गावातली सुईण पोट बघायला आली. म्हातारी, कुणाला न भिणारी बाई. आत्याबाई दुकानात गेल्याचं बघून ती मला म्हणाली, "रातच्या भाकरीचा तुकडा निखाऱ्यावर कडक करून उशाला ठिव. सकाळी पडल्या पडल्या खा, मगच पाय खाली टाक. रिकामं पोट उलटतंय."

"अन् पूजा?" मी विचारलं.

"पूजा कर की. मी कुठं नगं म्हनले?"

त्याच दिवशी मी तुकडा चोरला. गोधडीच्या कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली आणि त्यात लपवला. पहाटे डोक्यावरून पांघरूण घेऊन खाल्ला, थोडी पडून राहिले आणि उठले. पोट शांत होतं. आंघोळ झाली, लिंगपूजा झाली, विभूती लावून मी सगळ्यांच्या बरोबरीनं पहिला घास घेतल्याचा चेहरा करून जेवायला बसले. मग तो रोजचाच नेम झाला. चारआठ दिवसांनी आत्याबाई म्हणाल्या, "या खोलीत उंदीर झालेत. पहाटं कुरतडल्यावानी वाजतंय." त्यांनी दुकानातला पिंजरा आणून माझ्या उशापाशी ठेवला. तेव्हापासून मी तुकडा चावणं सोडलं. तोंडात धरून ठेवायची, मऊ झाला की गिळायची.

माझ्या उलट्या थांबल्या ही गोष्ट आत्याबाईंनी गल्लीभर केली. थोरलीचा नेम खरा, लिंगानं तिचं ऐकलं, असं त्या दुकानात आलेल्या बायकांना सांगत. घरी येणाऱ्या आमच्या गुरूंच्या, जंगम स्वामींच्याही कानावर त्यांनी ते घातलं. आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराचं लिंग आईच्या गळ्यात बांधतात. ते बांधताना स्वामी म्हणाले, अशी नेमाची आई मिळायला लेकराचं भाग्य लागतं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. खरं सांगते, पहिल्यांदा लाज वाटली होती, पण नंतर मला त्या कौतुकाची गोडी लागली. मुलगा झाला, धडधाकट झाला. बाळंतपणानंतर मी गोधडीचा कोपरा शिवून टाकला आणि मला वाटलं, झालं ते झालं.

मुलगा रांगायला लागला त्या सालीच धाकटी जाऊ आली, आष्टीकडची. दिराला शोभेल अशी, हसरी आणि कामाला वाघ. पहिल्याच दसऱ्याला तिनं घरातल्या सगळ्या जुन्या गोधड्या उसवल्या, नदीवर नेऊन धुतल्या आणि पुन्हा शिवून काढल्या. मी लेकरू मांडीवर घेऊन बघत बसले होते. मला ती अक्का म्हणायची. तिचं खाणंही तिच्यासारखंच, मोकळं. मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा बोटभर घ्यायची.

पुढच्या साली तिला दिवस गेले आणि ठेच्याचं नाव निघेना. तिचं माझ्यापेक्षा वाईट होतं. जात्यापाशी बसली की थोड्या वेळानं तिथंच गार फरशीवर गाल टेकून पडायची. आंघोळ-पूजा होऊन ताट पुढ्यात येईतो तिच्यात घास उचलायचंही त्राण उरत नसे, आणि उचललाच तर तो परत यायचा. पेजसुद्धा टिकेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा ती आत्याबाईंना भीतभीत म्हणाली, सकाळी आधी थोडं काही पोटात गेलं तर बरं वाटेल. आत्याबाई काही खाष्ट नव्हत्या, पण नेमाच्या बाबतीत पक्क्या होत्या. म्हणाल्या, "तू एकटी जेवायलीस का? पोटातलंबी जेवतंय. त्याला आत्तापासून बिनपूजेचं खायला शिकवायलीस व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थोरले, तू कसं निभावलंस ते सांग हिला."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "मन घट्ट केलं अन् लिंगावर भार टाकला."

हे वाक्य मी आयुष्यात कितीदा आठवलं असेल. आत्याबाईंसमोर खरं बोलायची छाती नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण पुढे विहिरीवर आम्ही दोघीच होतो. घागर भरता भरता तिनं विचारलं, "अक्का, तुमाला खरंच काई होत न्हवतं का?" तिथं आत्याबाई नव्हत्या, स्वामी नव्हते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हणाले, "होतंय थोडं. मन घट्ट कर." ती घागर काखेला मारून चालू लागली. सगळ्या घरात नेमाची अशी मी एकटीच होते. तिला सांगितलं असतं तर आम्ही दोघी सारख्याच झालो असतो. मला ते नको होतं.

एकदा मात्र मी तुकडा कडक केला होता. पदराखाली घेऊन तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत ती पडून होती, तिच्या गोधडीचा कोपरा माझ्यापासून हातभरावर होता. पण मागे आत्याबाईंच्या खोकल्याचा आवाज आला आणि मी तशीच फिरले. तो तुकडा गोठ्यात वासराला घातला.

सातवा महिना सरत आला होता. स्वामींनी लेकरासाठी लिंग आणून दिलं होतं, ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं, आठवडाभरानं बांधायचं म्हणून. तेवढ्यातच तिचं पोट दुखायला लागलं. मुलगी झाली, माझ्या वितीएवढी. सकाळी जन्मली आणि दुपारी गेली. सुईण हात धुऊन बाहेर आली तेव्हा मी तिला परसदारी गाठलं आणि विचारलं, हे उपासानं झालं का?

ती म्हणाली, "तसं मला म्हनता यायचं न्हाई बाई. भरल्या पोटाच्या बायकांचीबी जात्यात. पर तू तिला तुकड्याचं सांगितलंतंस का?"

"न्हाई."

तिनं गाठोडं उचललं आणि गेली. पुढे रस्त्यात दिसली तर बोलायची, पण माझ्याशी थट्टा तिनं पुन्हा कधी केली नाही. देवळीतलं ते लिंग स्वामी येईपर्यंत तिथंच राहिलं. त्या दिवसांत मी देवळीतला दिवा लावायचं काम धाकटीला दिलं नाही, स्वतः करायची. तेवढंच काय ते मी तिच्यासाठी केलं.

त्यानंतर तिला दोन मुलगे झाले. दोन्ही खेपेला दुसऱ्या महिन्यातच ती माहेरी गेली आणि बाळंत होऊनच आली. माहेरचं पाणी मानवतं, एवढंच ती म्हणायची. माझ्याशी कधी भांडली नाही. उलट वाढताना पहिली भाकरी माझ्याच ताटात टाकायची. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सासू-सासरे गेले. माझ्या मुलाचं लग्न झालं, सुनेला दिवस गेले आणि तिलाही सकाळी कोरड्या ओकाऱ्या यायला लागल्या. अजून निजामाची मोगलाईच होती, दुकान तेच होतं, मधल्या दारातून वासही तोच यायचा. एका संध्याकाळी बघते तर धाकटी चुलीपाशी बसून भाकरीचा तुकडा निखाऱ्यावर फिरवतेय. तो तिनं सर्वांदेखत वाटीत घालून सुनेच्या उशाला ठेवला. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांनी सांगायचं ठरवलं होतं. म्हणाले, "तुला एक सांगायचं हाय. मी पहिल्या खेपेला..."

"मला ठाव हाय, अक्का."

"काय ठाव हाय?"

"माझ्या पयल्या दसऱ्याला गोधड्या उसवल्या न्हवत्या का? तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यात भाकरीचं वाळलेलं तुकडं घावलं. म्हनलं, उंदरानं नेलं आसंल. मग मला दिवस गेले तवा कळलं, उंदीर न्हवता."

मी विचारलं, "मग तू कावून खाल्लं न्हाईस?"

"चोरून खायला लई भ्या वाटायचं." तिचे हात सुपातच होते. "म्हनलं, अक्का सांगतीलच. हिरीवर विचारलं तवाबी वाटलं, आता सांगतील. रोज वाटायचं, उंद्या सांगतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. दळणाचं सांगावं तसं तिनं सांगितलं. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी उठून आत गेले. माफी मागितली नाही. काय म्हणून मागायची तेच मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी तुकडा मी कडक केला. पहाटे आंघोळ नाही, पूजा नाही, तशीच जाऊन सुनेला हलवलं आणि तिच्या हातात दिला. तिनं पडल्या पडल्या खाल्ला, चांगला कुरुमकुरुम चावून खाल्ला. आवाज ओट्यापर्यंत जात होता. तिथं धाकटी झाडत होती. तिचा झाडू जरा थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.