बोकडसरांचा पाचवा टाका

आमच्या सरांच्या स्कूटरला रोज दोन डबे लटकलेले असत. एकात झुणका-भाकर, दुसऱ्यात खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे. एकदा नव्या सिस्टरने चुकीचा डबा उघडला आणि दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून आम्ही शिकाऊ डॉक्टर त्यांना पाठीमागे बोकडसर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बदलायचा तर केसाहून बारीक दोऱ्याने सोळा टाके घालावे लागतात. सर ते आधी आमच्याकडून बकऱ्याच्या डोळ्यावर घालून घेत. पंधरा चांगले आणि एक सैल निघाला, तर सगळे उसवायला लावत. "सर, बोकडाचाच तर आहे," मी एकदा कुरकुरले. "आज बोकडाले फसोशीन, उद्या मानसाले," सर म्हणाले, आणि कात्री पुढे केली.

नेत्रदानाचा फोन आला की ते स्वतः जात, पिंपळगाव राजा असो की उंद्री. रडत्या घरात कोपऱ्यात बसून राहत. मी घड्याळ बघायला लागले की हळूच म्हणत, "त्यायचं मानूस गेलं वं. थोडं बसा लागते."

त्या वर्षी दिवाळीनंतर बकऱ्याच्या डोळ्यावर टाका दाखवताना सरांची सुई थरथरली. "डोळा शिळा हाय," ते म्हणाले. डोळा ताजा होता, डबा मीच उघडला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मी मान डोलावली. ज्यांनी सुई धरायला शिकवलं, त्यांना 'तुमचा हात कापतोय' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग टेबलावर वच्छलाबाई आली. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागून बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. पाचव्या टाक्याला सरांची सुई आत घसरली आणि नव्या पडद्याचा आतला नाजूक थर खरचटला. त्यांनी सुई माझ्या हातात दिली. पाचव्यासकट उरलेले बारा टाके मी घातले, सगळे नीट बसले. पडदा मात्र धुरकटच राहिला. दुसरा कॉर्निया कधी मिळेल, कोणालाच सांगता येत नव्हतं.

सर तिच्या खाटेवर बसले. "बाई, चूक माही हाय. माहा हात कापला."

"तुमी कायले मनाले लावता डॉक्टरसाहेब? माहं नशीबच तसं."

"नशीब नाही बाई. हात."

त्यानंतर सरांनी ऑपरेशन केलं नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला थांबवलं.

"तुले आधी दिसलं होतं न?"

"हो सर."

"मंग काऊन नाही बोलली?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. पन ते बाई कोनाचा हात न धरता घरी गेली असती."