उलटा वाकलेला खिळा

पासष्टच्या लढाईत दांडीच्या खाडीवर आम्ही एक गलबत बांधत होतो. मालकाला घाई सुटलेली आणि संध्याकाळी दिवा लावायला बंदी. उजेड गेला की हत्यारं खाली ठेवायची. त्यावरही मालकाची कुरकुर. म्हटलं, मग सूर्याला सांगा थांबायला.

खिळा मारायला दोघं लागत. मी बाहेरून घण घालायचो. माझा मेव्हणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, गलबताच्या पोटात बसून आत आलेलं टोक वाकवायचा आणि झालं की आतून दोनदा ठोकायचा. मग मी पुढच्या खिळ्याला हात घालायचो. टोक गलबताच्या मागच्या अंगाला वाकवायचं, ही आमची रीत. हा बाबा डावखुरा. त्याचं हटकून पुढे वाकायचं. किती डाफरलो त्याच्यावर, नुसता हसायचा.

एक बाजू बांधून झाली तेव्हा चिंचणीच्या एका होडीवर माणूस कमी पडला, म्हणून तो मासेमारीला गेला. ती होडी परत आलीच नाही. कुणी म्हणे वादळ, कुणी म्हणे तोफ. बहीण मात्र माझ्या डब्यात रोज त्याचीही भाकरी बांधायची. तिच्या बांगड्या फोडायला वस्तीतल्या म्हाताऱ्या टपलेल्या. त्यांना ती एवढंच म्हणायची, "खबर येऊ द्या."

दुसऱ्या बाजूचं काम चालू होतं. एका संध्याकाळी आतला नवा गडी लवकर घरी गेला. एकच खिळा उरला होता. टोक सकाळी वाकवू म्हणून मी तो एकट्यानंच ठोकला.

आतून उत्तर आलं. दोनदा.

बहीण डबा न्यायला आली होती, तिनंही ऐकलं. मी शिडी लावून आत डोकावलो. कुणी नव्हतं, नुसता तेलाचा वास. आत उतरायची माझी छाती झाली नाही, खोटं कशाला बोलू.

"ऐकलंस ना, दादा?" बहीण म्हणाली. "तो हाय."

सकाळी नव्या गड्याला तो खिळा वाकवायला सांगितलं, तर म्हणाला, सगळे वाकवलेलेच आहेत. मी बघायला गेलो नाही. दुपारी त्यावर आतल्या फळ्या बसल्या. बहिणीच्या बांगड्याही तशाच राहिल्या. लोक नावं ठेवत, ती ऐकून घ्यायची.

साठचं दशक सरता सरता ते गलबत खडकावर आपटलं आणि मोडायला आमच्याकडेच आलं. आतल्या फळ्या मीच उचकटल्या. दुसऱ्या बाजूचे सगळे खिळे मागे वाकलेले, एक तेवढा पुढे.

मी बहिणीला बोलावलं. तिनं त्या खिळ्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ.

"म्हणजे त्या दिवशी तो आला होता," ती म्हणाली. "आणि जिता असता तर घरी आला असता रे जेवायला."

मग तिथंच खाली बसून तिनं स्वतःच्या हातानं बांगड्या उतरवल्या.