मास्तरांनी घेतलेली विमानाची ट्रायल

दुकानाच्या पाटीवर मास्तरांचं नाव चांगलं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? गल्लीत सगळे त्यांना ट्रायलमास्तर म्हणत. शिंपी माणूस. हातात कला अशी, की पोक आलेल्या माणसानं त्यांचा कोट घातला तर तोही ताठ दिसावा. पण ट्रायलशिवाय सुई पुढे सरकायची नाही. साध्या शर्टाला दोन ट्रायली, पँटीला तीन, आणि कोटाला किती ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. एका नवरदेवाच्या कोटाची पाचवी ट्रायल झाली तोवर लग्न दारात येऊन उभं राहिलं. बिचारा कच्च्या टाक्यांच्या कोटातच उभा राहिला आणि फोटोत त्याच्या खांद्यावरचा पांढरा दोरा अजून दिसतो. मास्तरांना त्याची जराही लाज नाही. "खांदा मात्र बसला होता," एवढंच ते म्हणतात.

अशा माणसावर विमानाची तिकिटं काढायची वेळ आली होती.

जायचं होतं ताईकडे. मास्तरांची ही एकुलती एक बहीण, त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले आणि धाकट्याला तिनंच वाढवलं. हातात सुई तिनं दिली, दुकानाला भांडवल तिनं दिलं, आणि मास्तर पायावर उभे राहिले तशी नऊ वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडे एका हॉटेलात चादरी-पडदे सांधायच्या नोकरीवर निघून गेली. तेव्हापासून गाठभेट नाही. मास्तरांचं लग्न तिनं फोनवर पाहिलं, भाची फोनवर पाहिली. दर रविवारी तीनला तिचा फोन यायचा. भाचीला बघून ती हसायची आणि ठेवताना म्हणायची, "एकदा कुशीत घ्यायची आहे रे हिला." फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ कात्रीला धार लावत बसायचे. एवढं केलं तिनं आपल्यासाठी, आता आपण सहकुटुंब उठून तिच्या दारात जायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

घाई होती ती पोरीच्या वयाची. पोरीला घरात भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिनं रोज सकाळी उठल्यापासून सिद्ध करून दाखवलेलं होतं. भिंगरीला दोन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते. दोनच्या आतलं मूल मांडीवर बसवून न्यायचं म्हणजे जवळजवळ फुकट. दोन झाली की तिला वेगळी सीट आणि जवळजवळ मोठ्या माणसाएवढं भाडं. मास्तरांना हा नियम फार आवडला. दोन पूर्ण तागे घेतले की कटपीस वर, असं त्यांनी तो समजून घेतला. तीन सीटांचे पैसे काही केल्या जमणारे नव्हते. म्हणजे जाऊन परत यायचं ते वाढदिवसाच्या आत, नाहीतर नाहीच.

आधीचे चार महिने तर नुसता भाव बघण्यातच गेले होते. शेजारच्या चावीवाल्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं, की तिकिटाच्या साइटला गरजू गिऱ्हाईक बरोबर ओळखू येतं आणि मग ती भाव चढवते. मास्तरांना हे लगेच पटलं, कारण लग्नघरचं गिऱ्हाईक आलं की ते स्वतः तेच करत. मग ते रोज सकाळी सहज आल्यासारखं करून साइटवर जात. आधी भलत्याच तीन शहरांचे भाव बघत, नाक मुरडत, आणि मग काहीतरी टाइमपास म्हणून ताईच्या शहराचा भाव बघत.

"अहो, ते मशीन आहे. त्याला काय कळतंय तुमचं नाक?" बायको म्हणायची. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दिवसभर लोकांना 'बसा, नंबर येईल' सांगून घरी आली की तिला कुणाचीच वाट बघवत नसे.

"मशीनलाच जास्त कळतं. माझं मशीन बघ, घाई असली की हटकून दोरा तोडतं."

एकदा त्यांना खरंच स्वस्त तिकीट सापडलं. चार ठिकाणी विमान बदलायचं, त्यातल्या एका ठिकाणी सोळा तास बाकावर काढायचे, एकूण प्रवास त्रेचाळीस तास.

"त्रेचाळीस तास!" बायको म्हणाली. "तेवढ्यात कळा येऊन ही पोरगी जन्मली होती आणि आपण तिला घेऊन घरी पण आलो होतो."

शेवटी एका शनिवारी, स्वस्त काही निघालं तर कळवा असं सांगून ठेवलेल्या तिकीट ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. एकदाच विमान बदलायचं, एकवीस तास, भाडं जमवलेल्या पैशांत बसणारं, आणि परतीची तारीख वाढदिवसाच्या बरोबर पाच दिवस आधीची. मास्तरांनी सवयीनं "शेवटचं बोला" म्हणून पाहिलं.

"मास्तर, विमान माझं नाही हो," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारी दोनपर्यंत सीटा धरून ठेवते. मी स्वतः फोन करीन. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"आत्ताच हो म्हणा," बायको कानाशी पुटपुटली.

मास्तरांनी फोनवर हात ठेवला. "आणि ट्रायल?"

त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. पहिलाच टप्पा नऊ तासांचा आणि भिंगरी जन्मल्यापासून कुणाच्या मांडीवर नऊ मिनिटं बसलेली नव्हती. पैसे भरल्यावर कळून उपयोग काय? रविवारी दुकान बंदच असतं. दहा वाजता ट्रायल सुरू करायची, दोनच्या आत उरकायची आणि बाईंचा फोन आला की हो म्हणायचं, असं ठरलं.

विमान कंपनीनं सीटची मापं इंचांत दिली होती, त्यामुळे मास्तर जास्तच खुशीत आले. सीटची रुंदी सतरा इंच, पुढच्या सीटपर्यंतचं अंतर एकतीस. त्यांनी खडूनं दुकानाच्या फरशीवर विमान आखलं. तीन खुर्च्या एकीला एक चिकटवल्या. खिडकीशी परका प्रवासी हवा म्हणून कोटाचा पुतळा बसवला. त्याला डोकं नव्हतं, पण कोट झकास होता. पुढच्या सीटवर चावीवाल्याला त्याच्या घरच्या आरामखुर्चीसकट बोलावलं आणि वाटेल तेव्हा मागे रेलायची मोकळीक दिली. त्यानं तिचा पुरेपूर फायदा घेतला.

राहिला विमानातला कर्मचारी. ते काम सासऱ्यांनी मागून घेतलं. सासरे बसचे निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं उभ्यानं प्रवास केलेला माणूस, बसायला सांगितलं तर रागवायचा. ते इस्त्री केलेला शर्ट घालून आले.

"चला, आत सरका, दारात गर्दी नको," सासरे ओरडले. "पट्टे बांधा. जावईबापू, मोबाइल."

"मोबाइल कशाला?"

"विमानात मोबाइल बंद असतात. करायचं तर नियमात करू."

हे मास्तरांना मानवलंच. ट्रायल म्हणजे ट्रायल, त्यात सूट कसली? तिघांचे मोबाइल बंद होऊन सासऱ्यांच्या खिशात गेले. मापाच्या टेपांचे पट्टे कमरेला बांधले गेले आणि सासऱ्यांनी तोंडानं दोनदा घंटी वाजवून विमान सोडलं.

पहिली पाच मिनिटं झकास गेली. सहाव्या मिनिटाला भिंगरीनं खुर्चीच्या फटीतून हात घालून चावीवाल्याचे होते नव्हते ते केस पकडले. तो कळवळून मागे रेलला तशी दुधाची बाटली बायकोच्या पदरात उपडी झाली. मग भिंगरीनं एक बूट फेकला. दुसरा सासऱ्यांना दिला. खाली उतरायचं म्हणून ती कमान टाकून ताठ झाली, आणि ताठ झालेलं मूल सतरा इंचांत मावत नाही हे मास्तरांनी खडूनं फरशीवर लिहून ठेवलं.

"लिहिताय काय? धरा तिला!" बायको म्हणाली.

"खुर्चीतून खाली वाकता येतं का तेही बघत होतो. येतं."

तेवढ्यात सासरे बिस्किटांचं ताट घेऊन आले. "शाकाहारी कोण?"

"सगळी बिस्किटंच आहेत ना, बाबा?"

"विचारायची पद्धत असते."

दीड तासानं भिंगरीची नजर पुतळ्यावर गेली. तिनं आधी त्याची बाही ओढून पाहिली. तो काही बोलला नाही. मग ती त्याच्या मांडीवर, म्हणजे मांडी असायला हवी होती तिथे, चढून बसली आणि त्याच्या कोटाचं दुसरं बटण मुठीत धरून ऐटीत बसून राहिली. मास्तरांनी तिला परत घ्यायला हात लावला तर असा टाहो फोडला, की समोरच्या इमारतीच्या दोन खिडक्या उघडल्या.

"राहू दे हो," बायको म्हणाली. "आपल्यापेक्षा बिनडोक्याचा बरा वाटतोय तिला."

शेवटी पुतळ्याचा कोट काढून मास्तरांनी स्वतः घातला. भिंगरीनं बटण तपासलं, तेच होतं. तिनं ते मुठीत धरलं, अंगठा तोंडात घातला आणि मास्तरांच्या छातीवर चक्क झोपली. एकदा झोपली ती झोपलीच. मास्तरांचा डावा पाय बधिर झाला, नाक खाजायला लागलं, चावीवाला आरामखुर्चीत घोरायला लागला, पण ते हलले नाहीत. झोपलेल्या पोरीच्या डोक्याचा वास घेत त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की तिलाही हसू आलं. जमतंय, अगदी झकास जमतंय. आता खुशाल हो म्हणायचं.

"किती वाजले, बाबा?" बायकोनं हळूच विचारलं.

"विमानातले की इथले?"

"इथले!"

"दोन पस्तीस."

पट्टे तुटले, खुर्च्या पडल्या, भिंगरी जागी झाली. सासऱ्यांच्या खिशातून मोबाइल बाहेर आले. तिकीटवाल्या बाईंनी सात वेळा फोन केला होता. मास्तरांनी उलटा लावला तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"अहो, होतात कुठे? फोन बंद! सीटा गेल्या हो. आता त्याच विमानाचं भाडं दीडपट दाखवतंय. पुढची स्वस्त तारीख दोन महिन्यांनंतरची, आणि तेव्हा मुलीला..."

"सीट लागेल," मास्तर म्हणाले.

"पण तुम्ही होतात कुठे?"

"विमानात," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चावीवाला आरामखुर्ची घडी करून हळूच निघून गेला. सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. हे जन्मात न घडणारं घडलेलं बघूनही कुणाला हसावंसं वाटलं नाही. बायकोला नवऱ्याचा इतका राग आला होता, की ती दुधाचा पदर पिळत नुसती उभी होती. मास्तर अजून पुतळ्याच्या कोटातच होते. आपण मूर्ख आहोत हे माणसाला अधूनमधून कळतं, पण इतकं स्वच्छ क्वचितच कळतं.

तीन वाजले आणि ताईचा फोन आला. तिचा चेहरा पडद्यावर उमटला तशी भिंगरी पडदा चाटायला धावली.

"काय रे ठोंब्या, कोट कसला घातलास? कुठे निघालास?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. पुतळा, चावीवाला, बिस्किटं, काही लपवलं नाही. ताई आधी हसली, मग डोळे पुसेपर्यंत हसली. मास्तर शेवटाला आले तेव्हा मात्र कोटाचं बटण चाळवायला लागले. "म्हणजे आता नाही जमत, ताई. तिघांचं नाही जमत. माझ्यामुळेच गेलं."

ताई अगदी बेताच्या आवाजात म्हणाली, "मग मी आले तर चालेल का?"

मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे तुमची काही अडचण नसेल तर," ती घाईघाईनं म्हणाली. "सुट्टी साठली आहे माझी. आठ दिवस राहीन. जागेचं काय, मी कुठेही पडेन."

"ताई, नऊ वर्षांत आला का नाहीत मग?" बायकोनं फोन ओढून घेतला.

"तुमचा संसार आहे आता. न बोलावता कसं यायचं गं? तो दर वेळी म्हणायचा, आम्ही येतो, आम्ही येतो. ये असं काही म्हणाला नाही. मला वाटलं, नसेल सोयीचं."

मास्तरांना बसायला खुर्ची सापडेना. चार महिने तिघांची तिकिटं शोधत होते आणि एक माणूस इकडे यायला एकच तिकीट लागतं, हे घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण त्यांना लाज वाटत होती ती त्याची नाही. ज्या बाईनं त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं, ती आज त्यांच्या घरी यायची परवानगी मागत होती.

"ये," ते म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "ये गं. आठ दिवस कसले, सुट्टी आहे तितके दिवस ये. आणि तिकीट मीच काढणार."

बायकोनं तोवर साइट उघडलीसुद्धा होती. एकीचं जाण्यायेण्याचं भाडं तिघांसाठी जमवलेल्या पैशांत आरामात बसत होतं. ती भराभर भरत गेली आणि एका रकान्याशी थांबली. "अहो, ताईंची जन्मतारीख?"

मास्तरांना गल्लीतल्या दोनशे माणसांच्या गळ्याचं माप पाठ होतं. भिंगरीला दोन वर्षं व्हायला किती दिवस उरले ते झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. ते फरशीवरचा खडू शोधायला लागले.

"नाही ना ठाऊक?" ताई फोनमधून म्हणाली. "असू दे, मी सांगते. तुझी तरी कुठे खरी आहे?"

"म्हणजे?"

"शाळेत घालताना मीच सांगितली होती. एक वर्ष वाढवून. तू पाचचाच होतास रे, पण सहाच्या आत घेत नव्हते. तुला शाळेत बसवल्याशिवाय मला कामावर जाता येईना. पहिल्या दिवशी मी दारातून निघाले तर इतका रडलास, की मी परत आले आणि शाळा सुटेपर्यंत तुझ्या मागच्या बाकावर बसले. कामाचा पहिलाच दिवस गेला."

"मग? काम?"

"दुसरं शोधलं," ताई म्हणाली. "घे, तारीख लिहून घे."

मास्तरांनी खडू उचलला. फरशीवर खाली वाकले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि काही दिसत नव्हतं. म्हणून बायकोनंच विचारलं, "सांगा, ताई," आणि ताईनं तारीख सांगितली.