केळीचं पान

सेहेचाळिसाव्या वर्षी मी नाच शिकायला लागले, आणि तोही भरतनाट्यम नव्हे. तंजावूरमध्ये राहून भरतनाट्यम न येणाऱ्या बाईकडे लोक आधीच जरा संशयाने बघतात. मी तर लॉकिंग शिकत होते. फंक नावाच्या अमेरिकन संगीतावर तिकडची माणसं रस्त्यात नाचत, त्यातला हा प्रकार. मनगटं भराभर फिरवायची, बोट रोखायचं, टाळी वाजवायची आणि मध्येच जागच्या जागी गच्च थांबायचं. त्या थांबण्याला लॉक म्हणतात.

हे सगळं मुलीमुळे झालं. कोइम्बतूरला कॉलेजात जाण्याआधी दोन महिने ती या वर्गाला जात होती आणि मी तिला आणायला जायची. माझं ऑफिस ओरत्तनाडूला. परतीची बस संध्याकाळी जुन्या बसस्टँडवर सोडायची आणि वर्ग तिथून चार पावलांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मुलगी गेली तरी पाय सवयीने तो जिना चढले. दारात उभी राहून बघत होते, तर शिकवणारी म्हणाली, "अक्का, दारात उभ्या राहून गुडघे हलवताय, ते आत येऊन हलवा."

ती असेल चोवीस-पंचवीस वर्षांची. दिवसभर खालच्या दुकानात झेरॉक्स काढायची, संध्याकाळी वर शिकवायची. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की बसच्या कंडक्टरने घाबरावं. आमचं बोलणं अर्थात तमिळमध्ये. ती मला अक्का म्हणायची आणि कॉलेजातल्या मुलींना जशी ओरडायची तशीच मलाही ओरडायची. ऑफिसात सगळे मॅडम, मॅडम करतात, घरी मी सून. कुणी बरोबरीने ओरडावं हे मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

पहिला आठवडा नुसते गुडघे. संगीत सुरू झालं की गुडघ्यांतून झोका घ्यायचा, बस. मग मनगट फिरवून हात वर न्यायचा, मग दोन्ही मुठी पुढे आणून, खांदे गोल करून, गुडघ्यांत वाकून थांबायचं. सोपं वाटतं. पण माझे हात नेहमी पाव मात्रा उशिरा पोचायचे. लहानपणी मला गाणं शिकायला बसवलं होतं. आठ मात्रांचा ताल मांडीवर मोजायचा, एक टाळी, मग करंगळीपासून एकेक बोट. ती सवय हाडांत गेलेली. नाचताना माझी डावी बोटं गुपचूप मांडीवर ताल मोजत होती आणि बिचारी उजवी बाजू डावीची वाट बघत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने ते पकडलं आणि माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिल्या.

"आता मोजा," ती म्हणाली. "मोजता येत नाही ना? मग ऐका. पहिल्या ठोक्यावर सगळं वजन पडतं. बाकीचे ठोके तुमचे, काहीही करा. पहिला चुकवायचा नाही."

बाटल्या घेऊन मी दहा दिवस नाचले. अकराव्या दिवशी बाटल्या खाली ठेवल्या आणि लॉक बरोबर पहिल्या ठोक्यावर बसला. मला स्वतःलाच हसू आलं. तीही हसली आणि हात पुढे केला. लॉकिंगमध्ये हे असतंच, दोघांनी समोरासमोर येऊन एकमेकांच्या तळहातावर हात मारायचा. त्यानंतर जवळजवळ रोज आम्ही दोघी ते करत होतो. तिचा हात घामाने ओला, माझाही ओला. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मुद्दाम सांगते आहे.

बोट रोखायला मात्र वेळ लागला. हात नुसता फेकायचा नसतो. समोर कुणीतरी निवडायचं, त्याच्याकडे सरळ बघायचं आणि बोट रोखायचं. माणसाकडे बोट दाखवू नये हे आम्हाला चिमटे काढून शिकवलेलं. मी बोट तिच्याकडे रोखायची आणि डोळे पंख्याकडे. "पंखा नाचत नाहीये, अक्का," ती म्हणायची. हळूहळू जमलं. तिच्याकडे सरळ बघून बोट रोखता येऊ लागलं.

तीन महिन्यांनी वर्गाचा कार्यक्रम ठरला, एका लग्नाच्या हॉलमध्ये. त्यात दोन मिनिटांचा तुकडा तिचा आणि माझा, समोरासमोर. मला तो नाच किती हवा होता ते आज लिहितानाही लाज वाटते. पण घरी सासूबाईंना सांगायला हवं होतं. नवऱ्याचा प्रश्न नव्हता, तो तिरुचीच्या बँकेतून येतो तेव्हा त्याला जेवण आणि पलंग याशिवाय काही दिसत नाही. सासूबाईंचं वय ऐंशी, आणि सुनेने रंगमंचावर उडी मारावी हे त्यांना कसं पटणार असं मीच मनात धरून बसले होते. घाबरत घाबरत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकविती कोण? तिला आईतवारीं जेवायास बोलाव. मी पाहतें."

बोलावलं. आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावूरला आले. राजवाड्याच्या गल्ल्यांतली आमची मराठी बाहेर कुणाला कळत नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. म्हणून तिचा मोठा उपयोग म्हणजे चारचौघांत गुपित बोलणं. साडीच्या दुकानात साडी महाग आहे हे मराठीत, पाहुणा कधी उठणार हे मराठीत, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस चोरटा दिसतो हेही मराठीत, त्याच्या तोंडासमोर, चेहरा गोड ठेवून. माझी मुलगी मराठी धड बोलत नाही, पण असं बोलायला तिलाही येतं. मी हा मजकूर मराठीत लिहिते आहे, कारण जे बोलले ते मराठीत बोलले. देवनागरी मला वडिलांनी शिकवली. त्यांनी ती याच्यासाठी शिकवली नसणार.

रविवारी ती आली. केस नीट बांधलेले, चुडीदार इस्त्रीचा. सासूबाईंच्या पाया पडली. सासूबाईंनी स्वतः कायरस केला होता, ढोबळी मिरची, दाणे, चिंच घालून. ती बाहेरच्या खोलीत बसली होती, मी आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, मध्ये फार तर आठ हात अंतर. सासूबाईंनी मला विचारलं, "तिला ताट घालूं की केळीचं पान?"

एवढंच विचारलं. पण त्या प्रश्नात मला त्यांची काळजी ऐकू आली. म्हणजे मी ती ऐकली. ही मुलगी कुठल्या घरची, आमच्या घरी भांडी वेगळी ठेवायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही, आणि आज सासूबाईंना खूश ठेवलं तर कार्यक्रमाला होकार मिळेल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात फिरलं. मी आवाज जराही कमी न करता म्हणाले, "केळीचं पानच घाला, अम्मा. अपलीं ताटं कशाला? कोण, कुठली, कोणास माहीत. पानावर जेवूनु गेली की झालें." आणि तिच्याकडे बघून हसले.

केळीच्या पानावर वाढणं आमच्याकडे मान देणं असतं. बघणाऱ्याला दिसलं असतं की केवढा पाहुणचार चालला आहे. मलाही मी फार हुशार वाटले.

ती नीट जेवली. कायरस दोनदा घेतला. सासूबाईंनी तिला नाचाबद्दल तमिळमध्ये दहा प्रश्न विचारले, तिने उठून एक लॉक करूनही दाखवला आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नाच तू, असं मला खुणेने सांगितलं. होकार मिळाला. जेवण झाल्यावर तिने पान दुमडलं आणि उचलायला लागली. पाहुण्याने पान उचलायचं नसतं. मी तमिळमध्ये म्हणाले, "अगं, राहू दे, मी उचलते."

"असूं द्या, मीच उचलतें," ती आमच्या मराठीत म्हणाली. मग सासूबाईंकडे वळून, "कायरस बेस झाला होता, अम्मा." पान बाहेर टाकून आली, हात धुतले, चप्पल घातली आणि गेली.

मी दारातच उभी राहिले. सासूबाईंना मात्र केवढा आनंद. "अग, तिला अपलं बोलणं येतें की!" म्हणत त्या ताक पीत बसल्या. मग जरा वेळाने आवाज खाली आणून म्हणाल्या, "पान कशाला म्हणालीस ग? मी सहज विचारलें. ताट पुसूनु ठेवलें होतें." ते ताट खरंच ओट्यावर होतं, घरातलं चांगलं, काठ असलेलं. मी ते परत फडताळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळेआधी गेले. ती फरशी पुसत होती. मी माफी मागायला लागले, तेव्हा तिने फडकं पिळलं आणि म्हणाली की तिची आई आमच्याच गल्ल्यांतल्या घरांत पंधरा वर्षं भांडी घासत होती, ती आईच्या मागे मागे फिरत मोठी झाली, त्यामुळे समजतं, थोडं बोलताही येतं. कधी सांगितलं नाही कारण कधी कुणी विचारलं नाही. मग तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "ते तुमच्या मनातलं होतं, की त्या मोठ्या अम्मांसाठी बोललात?"

पहिला ठोका चुकवायचा नाही, हे मला तिनेच शिकवलं होतं. मी चुकवला. मी म्हणाले, "अम्मांसाठी. जुनं माणूस गं, त्यांना चालत नाही. घरात वाद नको म्हणून बोलले."

"बरं," ती म्हणाली आणि संगीत लावलं.

तिने मला वर्गातून काढलं नाही, कार्यक्रमातून काढलं नाही, चुका पूर्वीसारख्याच दाखवल्या. फक्त अक्काचं मॅडम झालं आणि ओरडणं बंद झालं. आमच्या तुकड्यात मी तिच्याकडे बोट रोखायची ती जागा आली की माझे डोळे पुन्हा पंख्याकडे जायचे. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी फोन करून सांगितलं की गुडघा दुखतोय. ज्या होकारासाठी मी ते बोलले, तो होकार असूनही मी रंगमंचावर गेले नाही. माझ्या जागी कॉलेजातली एक मुलगी नाचली म्हणे, आणि चांगली नाचली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. घरी कुणी नसलं की मी अजून नाचते, हात वेळेवर पोचतात. खरं काय ते तिला जाऊन सांगायचं असं मी कितीदा ठरवलं. बस रोज तिथेच सोडते. वर उजेड दिसतो, गाण्याचा ठोका खाली ऐकू येतो, आणि मी रिक्षात बसते. हा भित्रेपणा आहे, त्याला दुसरं नाव नाही.

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन बाजारात गेले होते. केळफूल घेत होतो, तर समोरून ती आली, हातात भाजीची पिशवी. सासूबाईंनी तिला माझ्याआधी ओळखलं. तोंडभर हसून त्यांनी हाक मारली, "कां ग, बरी आहेस की? परत आलीच नाहींस जेवायास."

ती थांबली. मला तमिळमध्ये विचारलं, "गुडघा कसा आहे, मॅडम?" मी बरा आहे म्हणाले. सासूबाईंकडे तिने पाहिलंही नाही. त्या उभ्या होत्या तिथून एक पाऊल बाजूला सरकून ती निघून गेली.

सासूबाई ती गेली त्या बाजूला वळल्या. मग म्हणाल्या, "माझ्याशीं कां बोलली नाहीं ग ती?"

"ऐकूं आलें नसेल, अम्मा," मी म्हणाले.

"होय," त्या म्हणाल्या. "मीच जरा मोठ्यानें हांक मारायास हवी होती."