जावयाचे लाड

काज-बटणाच्या कामात काकूंचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. नवरा टेलर मास्तर. कापड बेतायचं, कापायचं, मशिनीवर जोडायचं ते मास्तरांनी. तिथून पुढं तुरपाई, काज, बटणं, लोंबणारे दोरे, इस्त्री हे सगळं काकूंचं. मास्तरांनी अर्धवट सोडलेली वस्तू त्यांच्या मांडीवर आली की पुरी होऊनच उतरायची. इतकी वर्षं अशी गेली की मास्तरांची वाक्यंसुद्धा त्याच पुरी करायच्या.

"अगं, ती आपली..."

"मशिनीखाली आहे. आणि कात्री म्हणायचं असतं तिला."

एका सकाळी कापडावर खुणा करता करता मास्तरांच्या हातून खडू निसटला. मग तोंडातला शब्द निसटला, आणि काकू धावेपर्यंत मास्तर स्वतःच टेबलाखाली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या बटणांच्या डब्यात तशाच पडून होत्या, कारण "मला काय धाड भरलीय!" दवाखाना वेळेवर गाठला म्हणून जीव वाचला. पाय जरा फरफटत का होईना, चालू लागला. जीभ वळली, आणि वळल्यावर पहिल्याच दिवशी नर्सच्या ड्रेसचं फिटिंग चुकलंय म्हणाली. उजवा हात मात्र टाचण निघालेल्या बाहीसारखा लोंबत राहिला. बोटं थोडी उघडायची, थोडी मिटायची. चिमटीत काही धरा म्हटलं की रुसायची.

"नुसता बसून खातो, कामाला हात लावत नाही, वर सगळ्यांनी त्याची सरबराई करायची," मास्तर म्हणाले. "जावई आहे हा!"

तेव्हापासून घरात त्या हाताचं नावच जावई पडलं. जावयाला उशी द्या. जावयाला तेल लावा. काकू त्याला जेवताना ताटाशेजारी नीट मांडून ठेवायच्या.

दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. झटका आलेल्या माणसाचा चांगला हात बांधून ठेवला, तर दुखरा हात नाइलाजानं कामाला लागतो का, आणि नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त सुधारतो का, हे डॉक्टर लोक तपासत होते. कुणाचा हात बांधायचा आणि कुणी नेहमीचा व्यायाम करायचा, ते कॉम्प्युटर ठरवायचा. मास्तर बांधायच्या गटात आले. डाव्या हातावर जाडजूड मोजा चढला. झोप आणि अंघोळ सोडली तर तो काढायचा नाही.

व्यायाम शिकवायला येणारी पोरगी चणीनं एवढीशी, पण आवाज असा की मास्तरांनी दारातच तिचं बारसं केलं, फौजदार.

"काकू, सगळ्यात अवघड काम तुमचं," फौजदार म्हणाली. "तुम्ही काही करायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. शर्टाचं बटण मास्तर लावतील. तासभर लागू दे. चिमटी यायची असेल तर ती अशानंच येईल, आणि हात सुधारायचे दिवस हेच आहेत. जावयाचे लाड बंद."

"बघ, सासूला दम भरतेय," मास्तर खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शर्ट घालून खुर्चीवर बसले. उजव्या हाताचा अंगठा बटणापाशी जायचा, बटण फिरायचं, अंगठा घसरायचा. काकू पाठ करून चहा गाळत होत्या. गाळून झाला तरी गाळणं हातातच. मागं नुसता श्वास ऐकू येत होता. मग तोही बारीक झाला. वळून पाहिलं तर मास्तर उघड्या छातीनं भिंतीकडं बघत बसलेले. चिडले असते, शिव्या घातल्या असत्या, तर काकूंना चाललं असतं.

दुपारी मास्तरांचा डोळा लागला तशी त्यांनी दांडीवरचे शर्ट खाली काढले. सगळी बटणं उसवली, काजं शिवून बंद केली आणि त्यांच्यावर बटणं नुसती शोभेला म्हणून टाकली. खाली टिचबटणं लावली. चिमटी नको, काज नको. पट्टीवर पट्टी आली की तळहातानं छातीवर दाबायचं, टिच्च! वरून बघणाऱ्याला कळायची सोय नाही. काम असं झालं होतं की कुणा दुसऱ्यानं केलं असतं तर काकूंनीच त्याची पाठ थोपटली असती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जावयाच्या मुठीनं छाती दाबली. टिच्च. ते क्षणभर थांबले. दाराआडच्या काकूंकडं ओझरतं बघितलं. खालचं दाबलं. टिच्च.

"वा मास्तर!" नंतर आलेल्या फौजदारनं टाळी वाजवली. "शर्ट, स्वतःच्या हातानं!" तिनं तशी नोंद केली. काकूंना खरं सांगावंसं वाटलं, पण मास्तर कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

हात किती सुधारला त्याच्या मधल्या मोजणीचा दिवस आला. मोजणारा डॉक्टर वेगळा. पेशंट कुठल्या गटातला ते त्याला माहीत नसायचं आणि आपणही सांगायचं नाही, मोजासुद्धा तेवढ्यापुरता बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे मोजताना माया मध्ये येत नाही. त्यानं उजव्या हातानं किल्ली फिरवायला लावली, ठोकळा उचलायला लावला. मग कपाटातून दवाखान्याचा शर्ट काढला.

"कॉलर तिरकी बसलीय," मास्तर म्हणाले.

"असू दे. बटण लावा."

मास्तरांनी पट्टीवर पट्टी आणली आणि सवयीनं मुठीनं छाती दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. डॉक्टर हातातलं घड्याळ धरून शांतपणे थांबला होता. मास्तरांचा अंगठा बटणाकडं गेला आणि पहिल्या दिवशी घसरला होता तस्साच घसरला.

बाहेरच्या बाकावर फौजदार कपाळाला आठ्या घालून बसली. "मला कळत नाही. घरी तर लावतात."

काकूंनी शेजारी बसलेल्या मास्तरांचा अंगातला घरचा शर्ट धरला आणि एका हिसक्यात उघडला. टिच्च, टिच्च, टिच्च.

फौजदार बघतच राहिली. रागावेल म्हणून काकूंनी मान खाली घातली होती.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. ह्यांना काढू नका अभ्यासातून. चूक माझी."

"काढत नाही हो. पण खरं ते लिहावं लागेल." तिचा फौजदारी आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "काकू, या उपायाचा उपयोग होतो की नाही ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. तुमच्यासारख्या घरांतूनच कळणार. उद्या दुसऱ्या कुणाचा हात बांधायचा की नाही, ते ह्या नोंदींवर ठरेल. घरी झालं ते झालं तसं सांगा. बिघडलेलंसुद्धा."

घरी येताना काकू दोन पावलं पुढंच चालत होत्या. दार उघडल्याबरोबर मास्तरांवर घसरल्या, "तुम्हाला मेलं कळलं नाही? जन्म गेला कापडात!"

"पहिल्या टिच्चला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दाराआडून बघत होतीस. तोंड असं फुललं होतं तुझं की..." मास्तर अडले. काकूंना शब्द माहीत होता, पण त्या थांबल्या. बऱ्याच वेळानं मास्तरांनीच तो काढला. "की वाटलं, राहू दे. आणि मलाही भीती होती गं. खरं बटण नाहीच लागलं तर?"

काकू खाली बसल्या. रडायचं होतं ते उरकून घेतलं. मग टिचबटणं उसवली, काजं मोकळी केली, बटणं जागच्या जागी टाकली.

पुढचे दिवस कठीण गेले. मास्तर बटणाला शिव्या घालायचे, फौजदारला घालायचे, काकूंच्या माहेराचाही उद्धार व्हायचा. काकू तेव्हा पुढच्या खोलीतल्या दुकानात जाऊन बसायच्या आणि हात मांड्यांखाली दाबून धरायच्या. एकदा आतून कप फुटल्याचा आवाज आला, तरी उठल्या नाहीत. फौजदार रोज विचारायची, त्या रोज खरं सांगायच्या. "आज एकही नाही लागलं." "आज लागलं, पण चिडून उपटलं." एक दिवस "आज मी एक लावलं, राहवलं नाही," हेही सांगितलं. फौजदारनं तेही लिहून घेतलं.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी काकू चप्पल घालून दारात उभ्या होत्या. आतून पाय फरफटत आला. मास्तरांच्या शर्टाची सगळी बटणं लागलेली होती, पण एक काज चुकून. एकीकडं कॉलर कानाशी गेलेली, दुसरीकडं खालचा घेर बोटभर लोंबणारा. कपाळावर घामाचे थेंब, डाव्या हातावर मोजा.

"झालं," मास्तर म्हणाले.

काकूंची बोटं पदराशी चाळवली आणि तिथंच राहिली.

समोरचा इस्त्रीवाला ओरडला, "काय मास्तर! टेलरचा शर्ट आणि असा?"

"नवी फॅशन आहे," मास्तर म्हणाले. "तुझ्यासारख्याला कळायची नाही." मग हळूच काकूंना विचारलं, "फार वाकडं दिसतंय का गं?"

"फार," काकू म्हणाल्या. "चला."