छताखाली कोण उभं राहणार

नगरला बांधकामाच्या एका कचेरीत मी टायपिस्ट होते. लायसन असलेल्या ठेकेदारांची नावं टाइप करणं हे माझं पगाराचं काम. आणि तीच नावं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि त्यांच्या व्याह्यांना सांगत बसणं हे फुकटचं काम. कुणाच्या मनात घर बांधायचं आलं की तो माझ्या भाड्याच्या खोलीच्या पायरीवर हजर. "बाई, एखादा लायसनचा माणूस द्या की तुमच्या माहितीतला." जशा काही मी शेवग्याच्या शेंगा विकायला बसलेय!

मी चिडायची, पण सांगायची. लायसन म्हणजे काय देवाचा अंगारा आहे का, लावला की झालं? कशाचं लायसन आहे ते आधी विचारा. रस्त्याच्या कामाचं लायसन दाखवून घरं बांधणारे कमी नव्हते. आणि त्यानं बांधलेल्या एखाद्या घरात जाऊन या. बाप्यांना विचारू नका, ते चांगलंच म्हणणार. घरातल्या बाईला विचारा, पावसात पातेली कुठंकुठं मांडावी लागतात.

दाजी आले ते दुष्काळाच्या त्या वाईट वर्षात. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले. आईवडील गेल्यावर आम्ही दोघी बहिणीच एकमेकींना उरलो होतो. आक्का तिथं संसारात आणि मी इथं नोकरीत, बिनलग्नाची. दाजी दुष्काळी कामावर मुकादम होते. त्यांच्या घराचं मातीचं माळवद वाळवीनं पोखरलं होतं, सारखी माती गळायची. त्यांना आता स्लॅब टाकायचा होता. पण शेजारच्या गावात आदल्याच वर्षी एक नवा स्लॅब खालचे टेकू काढताक्षणी बसला होता आणि घरमालक त्याखाली गेला होता. तेव्हापासून त्या भागात स्लॅब म्हटलं की लोक भ्यायचे.

"मला नगरचा बडा ठेकेदार नगं," दाजी म्हणाले. "जवळचा पाहिजे, आन् लायसनचा पाहिजे. पडलं तर पोरं जातील माझी."

मी पारनेरच्या एका ठेकेदाराचं नाव दिलं. नुसतं दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन त्यानं बांधलेली घरं पाहून आले, तिथल्या बायकांशी बोलून आले. माणूस चोख होता. तोंडाचा फाटका, पण कामाचा चोख. सिमेंटचं परमिट मिळेस्तोवर उन्हाळा तोंडावर आला आणि मग त्यानं स्लॅब टाकला. मला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! दाजींचं कार्ड आलं. टेकू काढायचा दिवस ठरलाय, तुम्ही आलंच पाहिजे.

का, ते मला तिथं पोचल्यावर कळलं. शेजारच्या गावचं छत पडल्यापासून लोकांनी एक रीत धरली होती. लग्नात जसा मध्यस्थ असतो, सोयरीक बिघडली की आधी त्याचं बकोट धरतात, तसंच. ज्यानं ठेकेदार सांगितला त्यानं टेकू निघताना छताखाली उभं राहायचं. कडेच्या बल्ल्या, म्हणजे टेकूची लाकडं, गवंडी काढणार. मधल्या शेवटच्या बल्लीला दोर बांधणार आणि तो दोर ठेकेदारानं बाहेरून आपल्या हातानं ओढायचा. मध्यस्थ आत, ठेकेदार बाहेर. म्हणजे कुणीच कुणाला फसवायचं नाही.

मला आधी हसू आलं. आणि मग ध्यानात आलं, आत उभी राहणार ती मीच.

अंगणात माणसं जमली होती. दाजींनी पोरांना चुलत्याच्या घरी धाडलं होतं. नव्या घराच्या पलीकडे तात्पुरती झोपडी घातली होती, तिथं आक्का चहा करत होती. मी आत गेले तर ती माझ्याकडे बघेचना. गुळाचा चुरा झाला तरी ती तो फोडतच होती.

"काय गं, बरं नाही का?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि माझा हात धरून मला चुलीपाशी खाली बसवलं. "म्या पानी मारलं न्हाई," ती म्हणाली.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. नव्या स्लॅबला पाणी लागतं. ठेकेदारानं वर मातीचे बांध घालून आळी करून दिली होती, ती सारखी भरलेली ठेवायची. सिमेंट पाणी पिऊनच घट्ट होतं. पाणी नाही मिळालं तर ते वरून दगड दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. हे त्यानं आक्काला बजावून सांगितलं होतं.

"अगं भवाने, का नाही मारलं?"

"कसं मारू? टँकर यायचा, हिरीत पानी सोडायचा, आन् बाया घागरी घिऊन एकमेकींच्या उरावर पडायच्या. म्या पयले दोन दिस घागर घिऊन शिडी चढले. खाली समद्या बघत हुत्या. कुनी काय बोललं न्हाई. एक म्हातारी तेवढी म्हनली, आमची लेकरं सुकली, आन् हिचं छत पानी पितंय. त्यापस्नं माझा पाय शिडीवर चढंना. लाज वाटली गं मला. लोकाच्या तोंडचं पानी सिमिटाला पाजायचं?"

"आणि ठेकेदार बघायला यायचा, तो?"

"तो यायच्या आधी तांब्याभर पानी कडंला शिपडायची. वल्लं दिसायचं."

चिडावं तर कशावर? ती म्हणाली त्यात चूक काय होतं? नगरला मीही त्या उन्हाळ्यात एका बादलीत अंघोळ आणि धुणं उरकत होते. तरी माझं डोकं तापलं. मी उठले. "मी सांगते ठेकेदाराला."

तिनं माझे पाय धरले. थोरल्या बहिणीनं! "नगं! हे मला घराभायेर काढतील. एवढं सिमिट, एवढं समदं, आन् म्या माती केली म्हनतील. तुला माझ्या लेकरांची आन हाय."

बाहेरून दाजींचा आवाज आला. "या बाईसाहेब! मुहूर्त टळतोय!"

मी निघाले. लेकरांची आण घातली होती तिनं. ठेकेदार दोर हातात घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "भ्यायचं न्हाई, बाई. पानी दाबून मारलंय, दगड झालाय त्याचा." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. मी नुसती मान हलवली आणि आत गेले.

आत अंधार होता आणि नव्या सिमेंटचा कुबट वास. कडेच्या बल्ल्या आणि फळ्या निघाल्या होत्या. मधे एकच बल्ली उभी, तिच्या बुडाला दोर. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि वर पाहिलं. छत करडं, कोरडं ठणठणीत. एका जागी फळीची खूण होती आणि तिच्या कडेनं केसासारखी रेघ. ती तड होती की फळ्यांच्या सांध्याची रेघ, मला सांगता येईना. वरून चिमूटभर वाळू खांद्यावर पडली. देवाशप्पथ सांगते, मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. पळ, पळ, असं आतून कुणीतरी ओरडत होतं आणि मी त्या रेघेकडे बघत उभीच होते. मनात काय यावं? तर आपण मेलो तर घरमालकीण माझा स्टो स्वतःकडे ठेवून घेईल. असलं काहीतरी येतं मनात.

"वढा!" बाहेर कुणीतरी म्हणालं. दोर ताणला गेला. बल्ली करकरली.

"थांबा!" आक्काची किंकाळी होती ती. झोपडीतून धावत आली, पदर खाली लोळतोय, हात गुळाचे. दारातच तिनं दोर दोन्ही हातांनी धरला. "थांबा, वढू नगा! म्या पानी मारलं न्हाई! छत कच्चं हाय! माझी भन मरंल!"

ठेकेदारानं हातात निखारा आल्यासारखा दोर टाकला. "आयला, काय बोलता काय वयनी!" त्यानं आत उडी घेऊन मला दंडाला धरून बाहेर ओढलं. गवंड्यांनी कडेच्या बल्ल्या परत टेकवायला घेतल्या. ठेकेदार शिव्या घालत होता, कुणाला ते त्यालाच ठाऊक. मी अंगणात मातीत बसले आणि मला उलटी झाली.

आक्का दाजींसमोर मान खाली घालून उभी होती. आता हा माणूस तिला मारणार असं मला वाटलं. मी उठायला लागले. पण दाजी ओरडले नाहीत. हलक्या आवाजात, जरा चिडून बोलले, दूध उतू गेल्यावर बोलावं तसं.

"गप की आता. मला ठाऊक हुतं."

आक्कानं वर पाहिलं.

"रोज बघतोय न्हवं म्या वर, आळी कोरडी ती. रीत हायेच, म्हनून तर हिला बोलावून घेतली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, पण बघितलं नाही. "मग कुनाला उभं करायचं हुतं? मला? का तुला? पोरं कोन बघंल? हिच्यामागं कोन हाय?"

अंगणातल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, हिशेब बरोबर आहे अशी.

छत पुढे टिकलं. ठेकेदारानं पावसाळाभर बल्ल्या हलू दिल्या नाहीत. पाऊस बरा झाला, आणि दिवाळीच्या सुमारास त्यानं स्वतः आत उभं राहून त्या काढल्या. पण मला हे पत्रानं कळलं. त्या अंगणात मी पुन्हा गेले नाही.

त्या दुपारी मी चहासुद्धा न घेता निघाले. आक्का मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गाडीची धूळ लांबून दिसली तेव्हा मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. आत्ताच. पोरं घे आणि चल नगरला. त्या माणसाची भीती वाटते मला."

तिनं माझ्या खांद्यावरची वाळू झटकली. केसातलीही वेचून काढली, लहानपणी उवा काढायची तशी. गाडी थांबली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी तिचं चाललंच होतं.

"तुला एक डाव उभं ऱ्हायला लागलं," ती म्हणाली. "मला तर त्याच्याशेजारी रोज निजायचंय. बस गाडीत."